चॉकलेट खा, पण ओळखून खा



आपल्या वस्तीत 'चॉकलेट' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. एक रुपयाची लिमलेटची गोळी असो की खोबऱ्याची वडी, लेकराच्या तोंडी ते 'चॉकलेट'च असते. किराणा दुकानदाराकडे सुट्टे पैसे नसले की तो दोन गोळ्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, "चॉकलेट घ्या." शाळेत वाढदिवसाला वर्गभर वाटतात, तेही चॉकलेट. यातल्या बहुतेक वस्तूंत खऱ्या चॉकलेटचा अंशही नसतो. असते ती साखर, रंग आणि वास.

आरोग्याच्या पानावर आम्ही बहुधा आजारांविषयी लिहितो. आज एका आनंदाच्या वस्तूविषयी लिहीत आहोत. तरीही हा विषय आरोग्याचाच आहे, कारण या वस्तूवर आपल्या घरातला पैसा जातो, लेकरांचे दात त्यावर अवलंबून असतात आणि घरातल्या मधुमेही माणसाचा जीवही त्यात अडकलेला असतो.

वस्तीत फिरताना आम्हाला दोन तऱ्हेची घरे दिसतात. एका घरात चॉकलेटचे नाव काढले की मुलाला रागावले जाते. दुसऱ्या घरात आई मजुरीच्या पैशातून चॉकलेटच्या चवीच्या पावडरीचा डबा आणते आणि त्यासाठी त्या आठवड्यातली अंडी व डाळ कमी करते. टीव्हीवरच्या जाहिरातीतले मूल उंच असते, धावण्यात पहिले येते. आपलेही मूल तसे व्हावे असे कोणत्या आईला वाटणार नाही? पहिले घर आनंद नाकारते. दुसरे घर गोड पावडरीला ताकद समजून फसते. या दोन्ही घरांसाठी हा पाठ आहे.

गोडाविषयी धम्म काय सांगतो?

सिद्धार्थ गौतमाने उरुवेलेच्या वनात अनेक वर्षे देहाला कठोर कष्ट दिले. शरीर हाडांचा सापळा झाले, पण ज्ञान मिळाले नाही. तेव्हा त्याने तो मार्ग सोडला आणि सुजाताने दिलेले अन्न स्वीकारले. बुद्धपौर्णिमेला आपण खीर वाटतो ती त्याच आठवणीने. पुढे सारनाथला पहिल्या उपदेशात तथागतांनी दोन टोके टाळायला सांगितली. एक देहाला छळण्याचे, दुसरे उपभोगात बुडण्याचे. म्हणजे जिभेला गोड लागणे हा आपल्याकडे दोष मानलेला नाही. किती, केव्हा आणि काय ओळखून खाल्ले, हा खरा प्रश्न आहे. पालीत याला 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात, म्हणजे भोजनातले प्रमाण जाणणे.

आपल्या समाजाला अन्नाच्या प्रश्नाचा आणखी एक इतिहास आहे. १९२७ सालच्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत जनावराचे मांस आणि दुसऱ्याच्या दारचे उष्टे-शिळे सोडायला सांगितले. आपल्या ताटात काय पडेल हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, आपण ठरवायचे, ही त्यामागची शिकवण होती. आज आपल्या ताटात उष्टे कोणी टाकत नाही. पण लेकरांनी काय खावे-प्यावे हे पुष्कळदा जाहिरात ठरवते. म्हणून ओळख करून घेणे गरजेचे आहे.

चॉकलेट येते कुठून?

चॉकलेट झाडाच्या बियांपासून बनते. या झाडाला कोको किंवा कॅकाओ म्हणतात. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे. याची फळे पपईसारखी पिवळी-तांबडी होतात आणि फांदीच्या टोकाला न लागता थेट खोडाला लटकतात. आत पांढऱ्या आंबटगोड गरात तीस-चाळीस बिया असतात.

ताजी बी खाल्ली तर ती कडू-तुरट लागते. चॉकलेटची चव तिच्यात मागाहून येते. बिया गरासकट ढीग करून केळीच्या पानांखाली किंवा खोक्यात पाच-सात दिवस आंबवतात. मग उन्हात वाळवतात, भाजतात, टरफले काढतात आणि दळतात. बियांत जवळजवळ निम्मी चरबी असते, त्यामुळे दळताना पीठ न होता दाट काळा लगदा तयार होतो. तो दाबला की चरबी वेगळी निघते. त्या चरबीला 'कोको बटर' म्हणतात. उरलेल्या चोथ्याची पूड म्हणजे कोको पावडर.

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले माया व ॲझटेक लोक कोकोचे पेय प्यायचे. त्यात साखर नसे, मिरची असे, मक्याचे पीठ असे. ॲझटेक राज्यात या बिया नाण्यासारख्या चालत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी कोको युरोपात नेला आणि त्यात साखर आली. ती साखर आणि पुढे कोकोही आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामावर पिकली. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांनी कोकोतली चरबी वेगळी करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने खाण्याची चॉकलेटची वडी बनवली. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी त्यात दूध घातले आणि आज मुलांना आवडणारे दुधाचे चॉकलेट जन्माला आले.

१७५३ मध्ये लिनियस या शास्त्रज्ञाने या झाडाला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ 'देवांचे अन्न' असा होतो. पण ते पिकवतात माणसेच, आणि तीही गरीब. जगातला निम्म्याहून अधिक कोको आज पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. शिकागो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार या दोन देशांत कोकोच्या शेतीत सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरीत होती. आपल्या देशातही केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांमध्ये कोको लावतात. चॉकलेटचा तुकडा हातात घेताना त्या मजुराची आठवण ठेवावी. श्रमाची किंमत आपल्यापेक्षा अधिक कोणाला कळणार?

दुकानात काय काय मिळते?

आता दुकानाकडे वळू. दिसायला सारखी, पण आतून वेगळी असलेली चार प्रकारची चॉकलेटे मिळतात.

पहिले काळे किंवा डार्क चॉकलेट. पाकिटावर '७० टक्के' लिहिले असेल तर त्यात ७० टक्के भाग कोकोचा, म्हणजे कोकोचा चोथा आणि कोको बटर मिळून. उरलेल्यात मुख्यतः साखर. चव कडसर असते.

दुसरे दुधाचे चॉकलेट. यात कोको कमी असतो आणि साखर सर्वांत जास्त. पुष्कळदा निम्मे वजन साखरेचेच भरते.

तिसरे पांढरे चॉकलेट. यात कोको बटर, दूध आणि साखर असते. कोकोचा काळा भाग नसतोच.

चौथे 'कंपाउंड' चॉकलेट. यात महागडे कोको बटर काढून त्या जागी पाम तेलासारखी स्वस्त वनस्पती चरबी घालतात. केकवरचा काळा थर, स्वस्त वड्या, आइस्क्रीमच्या कांडीवरचे आवरण हे बहुधा याचेच असते. ते विष नव्हे. पण खऱ्याच्या भावाने विकले जात असेल तर ती फसवणूक आहे. वनस्पती तेल घट्ट करताना त्यात तयार होणारी ट्रान्स चरबी हृदयाला घातक असते. म्हणून आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून अन्नातल्या तेल-चरबीत तिचे प्रमाण २ टक्क्यांच्या वर असू नये असा नियम आहे. बिनलेबलाच्या सुट्या मालात हा नियम पाळला की नाही, हे कळायला मार्ग नसतो.

ओळखायचे कसे? पाकीट उलटे करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. जे सर्वांत जास्त, ते पहिले. पहिला शब्द 'शुगर' असेल तर तुम्ही मुख्यतः साखर विकत घेत आहात. 'कोको बटर' आणि 'कोको सॉलिड्स' दिसले तर ते चॉकलेट. 'व्हेजिटेबल फॅट' किंवा 'हायड्रोजनेटेड फॅट' आधी दिसले आणि कोको शेवटी, तर ते कंपाउंड. साखर इतर नावांनीही येते. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप ही तिचीच भावंडे. बनवल्याची तारीख, मुदत आणि परवान्याचा १४ आकडी क्रमांक पाहा. हे सारे बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असते. घरातल्या शाळकरी मुला-मुलीला ते मोठ्याने वाचायला सांगा. शिक्षणाचा घरात इतका सोपा उपयोग दुसरा नाही.

साखरेचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर रोजच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ५ टक्क्यांखाली आली तर अधिक चांगले. मोठ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. लहान मुलांसाठी त्याहून कमी. गूळ आणि मधही याच हिशेबात धरायचे.

आता आपला दिवस मोजू. तीन कप चहा, कपात दोन चमचे साखर. सहा चमचे तिथेच संपले! त्यावर ४० ग्रॅमची दुधाच्या चॉकलेटची वडी एकट्याने खाल्ली, तर आणखी सुमारे २० ग्रॅम, म्हणजे पाच चमचे. यात दुधातली थोडी साखर आलीच, पण बहुतेक वरून घातलेली.

म्हणून आम्ही चॉकलेट बंद करा असे म्हणत नाही. ज्या दिवशी चॉकलेट खायचे, त्या दिवशी चहातली साखर अर्धी करा. आणि ४० ग्रॅमची वडी एकाने संपवण्याऐवजी आठ जणांत वाटा. प्रत्येकाच्या वाट्याला ५ ग्रॅम येतील, सुमारे अर्धा चमचा साखर. वाटून खाल्ले की हिशेबही बसतो आणि घरात दानाचा संस्कारही होतो.

चॉकलेटची पेये: डबा, बाटली आणि गाडी

मुलांसाठी दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी घरोघरी पोहोचल्या आहेत. त्यांत कोको थोडा असतो. माल्ट म्हणजे मोड आणलेल्या धान्याचा अर्क, साखर आणि वरून मिसळलेली जीवनसत्त्वे हा त्यांचा मुख्य भाग. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितले. कारण साधे होते. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी कोणती व्याख्याच नाही.

एक गणित करून पाहा. समजा, डब्यावर १०० ग्रॅममागे ३५ ग्रॅम साखर लिहिली आहे. एका पेल्यात २० ग्रॅम पावडर घातली तर ७ ग्रॅम साखर गेली. आईने वरून दोन चमचे घातली, तर आणखी ८ ग्रॅम. सकाळ-संध्याकाळ मिळून ३० ग्रॅम झाले. मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या २५ ग्रॅमच्या पुढे लेकरू दुधाच्या पेल्यातच गेले.

आपल्या डब्यावरचा आकडा वेगळा असेल. तो पाहून हेच गणित मुलांकडून करून घ्या. मग दुकानात विचारा की त्या डब्याच्या किमतीत अंडी किती येतात, शेंगदाणे किती येतात, मूगडाळ किती येते. मुलाची उंची आणि ताकद ही पुरेशा जेवणातून, झोपेतून आणि खेळातून येते. पावडरीचा उपयोग दुधाला चव आणण्यापुरता. दूध पीतच नसलेल्या मुलाने अर्धा चमचा पावडरीच्या नादाने दूध घेतले तर त्यात वावगे नाही. पण डब्यासाठी डाळ कमी होता कामा नये.

बाटलीतल्या चॉकलेट सिरपचे दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे २० ग्रॅम साखर. गाडीवरच्या चॉकलेट शेकमध्ये असे सिरप, आइस्क्रीम आणि पुन्हा साखर असते. जयंतीच्या उन्हात मिरवणुकीत चालून आल्यावर तो थंडगार ग्लास हवाहवासा वाटतो, हे आम्हालाही कळते. तहान मात्र आधी पाण्याने भागवावी. मग एक ग्लास दोघा-तिघांत घ्यावा आणि बर्फ कसल्या पाण्याचा आहे ते विचारावे.

चव कशी घ्यावी?

आपण बहुतेक वेळा चॉकलेट खात नाही, गिळतो. पाकीट फाडले, दोन घास, संपले. जिभेला कळायच्या आत दुसरे मागतो. जास्त खाण्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून पुढचा अभ्यास रविवारी विहारात वंदनेनंतर मुलांकडून करून घेता येईल. साहित्य म्हणून खऱ्या चॉकलेटचे छोटे तुकडे, प्रत्येकी सुमारे ५ ग्रॅम, आणि पिण्याचे पाणी एवढे पुरे. आधी पालकांना विचारून घ्यावे की कोणाला दूध, सोया किंवा दाण्यांची ॲलर्जी आहे का.

आधी हात धुवा आणि पाण्याचा घोट घ्या. तुकडा तळहातावर ठेवून नीट पाहा. त्याला चकाकी आहे का, पांढरे डाग आहेत का? मग कानाजवळ मोडा. घट्ट असेल तर 'टक्' असा आवाज येतो, उन्हाने मऊ पडला असेल तर वाकतो. नाकाजवळ धरा. भाजलेल्या दाण्यासारखा, कॉफीसारखा वास येतो की नुसता गोडसर?

आता तुकडा जिभेवर ठेवा आणि चावू नका. डोळे मिटा. कोको बटर सुमारे ३४ अंशांना वितळते आणि आपल्या शरीराची उष्णता ३७ अंश असते. म्हणून ते तोंडात आपोआप वितळते. इतर थोड्याच चरबींत हा गुण आहे. आधी गोडी येते, मग कडसरपणा, शेवटी थोडी आंबट झाक. कंपाउंडचा तुकडा असेल तर टाळूला मेणासारखा थर बसल्याचे जाणवते. हा फरक मुलांना एकदा कळला की जाहिरात त्यांना सहज फसवू शकत नाही.

शेवटी पाणी प्या आणि एक मिनिट शांत बसा. 'अजून हवे' असे मनात उठेल. ते उठताना पाहा. त्याला दटावू नका, त्याच्या मागेही धावू नका. श्वास पाहतो तसे ते पाहा. बहुतेक वेळा ती लाट ओसरते. तृष्णा म्हणजे काय, हे मुलांना समजावायला यापेक्षा सोपे साधन आम्हाला माहीत नाही.

कडू चव मुलांना नको असते असे म्हणतात. पण मेथीची भाजी आणि कारले आपल्या घरात सवयीनेच आवडू लागतात. कोकोचेही तसेच आहे. थोडे थोडे दिले की गोडीखालची चव कळू लागते, आणि चव कळली की थोडक्यात भागते.

घरी करायचे दोन पदार्थ

कोकोचे गरम दूध: किराणा दुकानात बिनसाखरेची कोको पावडर मिळते. छोटे पाकीट महिनाभर पुरते. एका कपासाठी एक चमचा कोको वाटीत घेऊन दोन चमचे कोमट पाण्यात घोटून घ्या. थेट दुधात टाकला तर गुठळ्या होतात. एक कप दूध उकळत आले की हे मिश्रण घाला, दोन मिनिटे मंद आचेवर ढवळा. चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड घाला. मिठाने कडूपणा दबतो आणि साखर कमी लागते. एक चमचा साखर पुरे. गूळ घालायचा असेल तर भांडे उतरवून थोडे निवल्यावर घाला, नाहीतर दूध फाटते. दूध महाग पडत असेल तर दोन चमचे नाचणीचे पीठ पाण्यात कालवून पेज शिजवा आणि त्यात कोको घाला. नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असते.

कोकोचे लाडू: एक वाटी भाजलेले शेंगदाणे, अर्धी वाटी भाजलेले तीळ, पाऊण वाटी बिया काढलेला खजूर आणि दोन चमचे कोको. सारे मिक्सरमधून किंवा खलबत्त्यात कुटून लहान लाडू वळा. वेगळी साखर लागत नाही. मुलाच्या डब्यात एक लाडू द्या. बाजारच्या वडीपेक्षा पोटाला आधार जास्त.

काळजी कोणी घ्यावी?

दोन वर्षांखालचे मूल: वरून घातलेली साखर या वयात देऊच नये. चॉकलेटही नाही आणि चॉकलेटी दूधही नाही.

रक्त कमी असलेल्या बाया आणि मुली: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. कोकोतले तुरट घटक चहाप्रमाणेच अन्नातले लोह शरीराला मिळू देत नाहीत. म्हणून जेवणाबरोबर आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा-कोको घेऊ नये. एक-दोन तासांचे अंतर ठेवावे. गोळी पाण्याने घ्यावी. जेवणात लिंबू किंवा आवळा असेल तर लोह चांगले मिळते.

मधुमेही: जेवणानंतर एखादा लहान तुकडा चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. 'शुगर फ्री' चॉकलेटातही चरबी आणि उष्मांक असतात. त्यातल्या काही गोडव्यांनी जुलाब होतात. एक गोष्ट मात्र घरातल्या सर्वांनी पक्की लक्षात ठेवावी. इन्सुलिन किंवा गोळीमुळे रक्तातली साखर एकदम खाली गेली, घाम आला, हात थरथरू लागले, तर चॉकलेट देत बसू नका. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्धीत असलेल्या माणसाला तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा ग्लुकोज द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता तातडीने दवाखान्यात न्या.

रक्तदाबाचे रुग्ण: कोकोने रक्तदाब थोडा कमी होतो असे काही अभ्यासांत दिसले आहे. पण ते प्रमाण अल्प आहे. त्या भरवशावर गोळी बंद करू नये.

झोप न लागणारे आणि आम्लपित्ताचा त्रास असणारे: कोकोत थोडे कॅफीन आणि त्याच जातीचे थिओब्रोमिन असते. रात्री उशिरा घेऊ नये. छातीत जळजळ होत असेल तर कमी करावे.

दात: दिवसातून किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे दातांना जास्त बाधते. खिशात गोळ्या ठेवून दिवसभर चघळणे सर्वांत वाईट. चॉकलेट जेवणाला जोडून द्यावे, लगेच चूळ भरायला लावावी आणि रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून घ्यावेत.

पंचशील पाळणारे: काही परदेशी चॉकलेटांत आणि केकमध्ये रम किंवा इतर मद्य भरलेले असते. भेट आलेला डबा उघडण्याआधी घटक वाचावेत.

वस्तीतली कुत्री: प्रेमाने चॉकलेट टाकू नका. थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरात साचते आणि त्याला विषासारखे बाधते. करुणा माणसापुरती नाही.

पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात चॉकलेट वितळते आणि पुन्हा घट्ट झाले की त्यावर पांढरा थर येतो. ती बुरशी नसते, वर आलेली चरबी असते. खाल्ले तर बाधत नाही, चव मात्र उतरते. खवट वास आला किंवा किडे दिसले तर फेकून द्या. चॉकलेट साबण आणि मसाल्यांपासून लांब, घट्ट डब्यात ठेवा, कारण ते दुसऱ्याचा वास पटकन धरते.

राजा प्रसेनजिताची गोष्ट

कोसलचा राजा प्रसेनजित एका वेळी भांडेभर भात खात असे. एकदा तो जेवून धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला हिणवले नाही आणि उपवासही सांगितला नाही. जो प्रमाण जाणून जेवतो त्याचा त्रास कमी होतो, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने एका तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले. हळूहळू त्याचा आहार थोड्यावर आला, शरीर हलके झाले आणि तो आनंदाने तथागतांचे आभार मानू लागला.

आपल्याकडेही तसेच व्हावे. एकदम बंदी घातली तर मूल चोरून खाते. मोकळे सोडले तर दात आणि पैसा दोन्ही जातात. जयंतीला, निकालाच्या दिवशी, वाढदिवसाला खरे चॉकलेट थोडे आणा. सर्वांनी बसून, वाटून, हळू खा. आपल्या लेकरांना चांगल्या चवीचा पूर्ण हक्क आहे. ती चव ओळखण्याची अक्कलही आपणच त्यांना द्यायची आहे.

विहारात चर्चेसाठी

१. आपल्या घरात या आठवड्यात चॉकलेट, गोळ्या आणि चॉकलेटी पावडरीवर किती खर्च झाला? त्याच पैशात काय आले असते?

२. घरातले एक पाकीट घेऊन या. घटकांच्या यादीत पहिले तीन शब्द कोणते आहेत?

३. तुकडा हळू खाल्ल्यावर 'अजून हवे' ही भावना किती वेळ टिकली?

४. वाढदिवसाला वर्गात वाटण्यासाठी गोळ्यांऐवजी काय देता येईल?

उत्तरे मुलांनी द्यावीत आणि मोठ्यांनी ऐकावीत.

जय भीम! नमो बुद्धाय!